परदेशी माशांचे बीज जिवंत आणताना: परवानगीपासून पिशवीतल्या पाण्याच्या विल्हेवाटीपर्यंत

चिलापी (टिलापिया) किंवा पंगस या परदेशी माशांचे बीज, म्हणजे पिल्ले, आणताना मर झाली की दोष गाडीला, उन्हाला किंवा ड्रायव्हरला दिला जातो. प्रत्यक्षात रस्त्यात मरणाऱ्या माशांपैकी बरेचसे आदल्या दिवशी पोटभर खाऊ घातल्यामुळे मरतात आणि पोहोचल्यानंतर मरणारे घाईने ओतल्यामुळे मरतात. याहून महागडी चूक तर करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पिशवीतले पाणी माशांबरोबर तळ्यात जाते किंवा बांधावरून ओढ्यात सांडले जाते, आणि त्यातून रोगजंतू, गोगलगायींची अंडी व भलत्याच जातीची पिल्ले नव्या ठिकाणी पोहोचतात. म्हणून या लेखात मासा आणि त्याचे पाणी या दोन वेगळ्या वस्तू मानल्या आहेत. मासा सुखरूप पोहोचवायचा आहे आणि पाणी कुठेही पोहोचू द्यायचे नाही.

पुढील टप्पे शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात गिफ्ट चिलापी (निवड पद्धतीने सुधारलेली चिलापीची जात) अथवा पंगस वाढवणाऱ्यांसाठी लिहिले आहेत. मत्स्यालयाचे मासे नेणाऱ्यांसाठी शेवटी स्वतंत्र भाग आहे, पण पॅकिंगचे आणि पाण्याचे नियम त्यांनाही तसेच लागू होतात.

१. जात आणि कागद: आगाऊ रक्कम देण्याआधी

बाजारातल्या नावावर बीज घेऊ नये. ‘मांगूर’ या एकाच नावाखाली देशी मागूरही विकला जातो आणि आफ्रिकन मागूरही, म्हणजे क्लॅरियस गॅरिएपिनस, ज्याला व्यापारी ‘थाई मांगूर’ म्हणतात. या आफ्रिकन मागुरावर भारतात २००० सालापासून बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही पुढे ही बंदी अमलात आणण्याचे आदेश दिले आणि महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभागाने अशी तळी उद्ध्वस्त करून मासे नष्ट केले आहेत. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे थोड्याशा पाण्यात दाटीवाटीने भरूनही तो दूरवर जिवंत नेता येतो आणि त्याची चोरटी वाहतूक सोपी होते. विक्रेता ‘याला पाणी फारसे लागत नाही, ऑक्सिजनही लागत नाही’ असे कौतुकाने सांगू लागला, तर सौदा तिथेच थांबवावा.

चिलापीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पालनाला सरसकट बंदी नाही, परंतु केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकलिंगी नर किंवा वंध्य बीजच, मान्यताप्राप्त हॅचरीतून आणि शेताची नोंदणी करूनच वापरायचे असते. गिफ्ट जातीचे काम करणारे राजीव गांधी जलकृषी केंद्र विजयवाडा परिसरात आहे. ते समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत येते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. उजनीसारख्या जलाशयात चिलापी आधीच भरपूर आहे, तेव्हा तिथली चार कॅन पिल्ले आपल्या शेततळ्यात आणली तर काय बिघडले, असे अनेकांना वाटते. जलाशयातली ती चिलापी मिश्रलिंगी असते. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे अशी एकच मादी पिल्लांसकट नव्या पाण्यात गेली तरी नवी वस्ती उभी राहू शकते. पुढच्या हंगामात तळ्यात बोटभर लांबीच्या, न विकल्या जाणाऱ्या हजारो माशांची गर्दी होते आणि पावसाळ्यात सांडव्यातून ते ओढ्याला लागतात.

बीज मागवण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाकडून आपल्या तळ्यासाठी आणि त्या विशिष्ट जातीसाठी लेखी परवानगी घ्यावी. परराज्यातून माल येणार असेल, तर तिथल्या विभागाची कोणती कागदपत्रे लागतात हेही याच वेळी विचारावे. गाडीत पुढील कागद मूळ प्रतीत असावेत: शास्त्रीय नाव, संख्या आणि सरासरी लांबी लिहिलेले हॅचरीचे बिल, हॅचरीच्या मान्यतेची प्रत, आरोग्य तपासणीचा अहवाल आणि आपल्या शेताची नोंदणी. बिलावर नुसते ‘मत्स्यबीज’ लिहिलेले असेल, तर ते बदलून घ्यावे. गाडी रस्त्यात अडवली गेली तर त्या एका शब्दावर काहीच सिद्ध करता येत नाही.

इशारा: परदेशातून जिवंत मासा स्वतःच्या सामानातून आणणे हा नियमभंगच आहे, मग तो एकच मासा का असेना. जिवंत जलचरांच्या आयातीसाठी केंद्राचा स्वच्छता आयात परवाना आणि विलगीकरण आवश्यक असते.

२. उतरवण्याची जागा: बीज निघण्याआधी आठ दिवस

बहुतेक जण आधी बीज बुक करतात आणि गाडी घाट उतरत असताना तळ्याच्या जाळीचा विचार करू लागतात. क्रम उलटा हवा.

तळ्याचा सांडवा आणि पाणी काढण्याचा पाइप यांना पिल्ले निसटणार नाहीत इतक्या बारीक छिद्रांची जाळी दोन थरांत लावावी. चिलापीसाठी साधारण १ मिलिमीटरची जाळी लागते, कारण मादीच्या तोंडातून नुकती बाहेर पडलेली पिल्ले सेंटिमीटरभरच असतात. तळ्याचा काठ पुराच्या पातळीच्या वर असावा. जवळून ओढा वाहत असेल आणि पावसाळ्यात त्याचे पाणी बांधाला टेकत असेल, तर त्या तळ्यात परदेशी मासा टाकूच नये. जाळी कितीही चांगली असली तरी तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याला ती अडवत नाही.

आलेले बीज थेट मोठ्या तळ्यात जाणार नाही. त्यासाठी वेगळी टाकी, किंवा ते शक्य नसेल तर तळ्याच्या कोपऱ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधून ठेवावा. टाकी केव्हाही बरी, कारण हाप्यातले पाणी तळ्याचेच असते आणि रोग निघाला तर तो आधीच तळ्यात पोहोचलेला असतो.

३. हॅचरीत: पांढऱ्या घमेल्यातली दहा मिनिटे

पिशव्या भरण्याआधी टाकीच्या तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळून दोनशे पिल्ले पांढऱ्या घमेल्यात काढावीत. आधी जाती पाहाव्यात. एखादे पिल्लू मिशीवाले, एखादे वेगळ्या ठिपक्यांचे किंवा वेगळ्या शेपटीचे दिसले, तर सगळ्या टाकीत भेसळ आहे असे समजून माल नाकारावा. दोनशेत एक म्हणजे वीस हजारांत शंभर. त्यानंतर आरोग्य पाहावे. अंगावर पांढरे ठिपके, कुरतडलेले पर, फुगलेले डोळे, लाल चट्टे, घमेल्याच्या कडेला अंग घासणे ही लक्षणे पुरेशी आहेत. घमेल्यातले पाणी हाताने गोल फिरवल्यावर निरोगी पिल्ले प्रवाहाविरुद्ध पोहतात आणि अशक्त पिल्ले मधोमध गोळा होतात.

चिलापीच्या बाबतीत ‘टिलापिया लेक व्हायरस’ची चाचणी झाली आहे का, हे नेमके विचारावे. हा विषाणू २०१४ साली इस्राएलमधून प्रथम नोंदवला गेला आणि नंतर भारतातही आढळला. बाधित पिल्ले हॅचरीत ठणठणीत दिसतात आणि सोडल्यापासून महिनाभरात मरू लागतात, म्हणून घमेल्यातल्या तपासणीवर येथे विसंबता येत नाही.

४. उपास आणि चाचणी पिशवी

पॅकिंगआधी पिल्लांना किमान २४ तास खाद्य देऊ नये. मोठ्या बोटुकलीला (बोटभर झालेल्या पिल्लांना) ३६ ते ४८ तासांपर्यंत उपाशी ठेवले तरी चालते. या काळात त्यांना वाहत्या किंवा हवा सोडलेल्या स्वच्छ पाण्यात दाट ठेवावे, म्हणजे पोट रिकामे होते आणि गर्दीची सवयही लागते. हॅचरीवाले कधी कधी पिल्ले ‘ताजी’ दिसावीत म्हणून सकाळी खाद्य टाकतात. ते खाद्य दुपारी पिशवीत विष्ठा बनते आणि रात्री अमोनिया. आदल्या दिवशी फोनवर सांगून भागत नाही, शक्यतो आदल्या संध्याकाळीच तिथे पोहोचावे.

एका पिशवीत किती मासे, या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही आणि संख्येत विचार करणे हीच मुळात चूक आहे. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने साधारण आठपट होतो. अडीच सेंटिमीटरची हजार पिल्ले ज्या पिशवीत आरामात जातात, तिच्यात पाच सेंटिमीटरची हजार घातली तर ती पहाटेपर्यंत टिकणार नाहीत. म्हणून शंभर पिल्लांचे वजन करून वजनावर हिशेब ठरवावा आणि चाचणी पिशवी करावी. ठरवलेल्या प्रमाणात एक पिशवी भरावी आणि प्रवासाला जितके तास लागणार आहेत त्याच्या सव्वापट तास सावलीत ठेवून मग उघडावी. पश्चिम बंगालमधल्या नैहाटीहून रेल्वेने नागपूरला येणाऱ्या मालासाठी ही चाचणी म्हणजे हॅचरीत आणखी एक दिवस मुक्काम, हे मान्य आहे. वाटेत अर्धा माल गमावण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

५. पिशवी भरणे

प्रत्येक पिशवी दुहेरी घ्यावी आणि तळाचे दोन्ही कोपरे रबराने बांधावेत, नाहीतर पिल्ले कोपऱ्यात अडकून चेंगरतात. पंगसच्या छातीच्या परांना काटे असतात आणि चिलापीचा पाठीचा परही काटेरी असतो, त्यामुळे तीन-चार सेंटिमीटरच्या पुढच्या बोटुकलीसाठी जाड पिशवी किंवा दोन पिशव्यांमध्ये वर्तमानपत्राचा थर हवा.

पाणी विहिरीचे किंवा बोअरचे, गाळलेले आणि किमान एक रात्र हवा सोडलेले असावे. नळाचे असेल तर सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन काढावे. हॅचरीच्या टाकीतले पाणी पिशवीत घेऊ नये, कारण तिथले जे काही आहे ते सगळे आपल्याबरोबर येते. दर लिटरला २ ते ३ ग्रॅम खडेमीठ घातले तर माशावरचा ताण कमी होतो. बेशुद्धीची औषधे खाण्याच्या माशाला तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

भरण्याचा क्रम असा. पिशवीच्या एक तृतीयांश भागात पाणी घ्यावे, मोजलेली पिल्ले सोडावीत आणि वरची हवा पूर्ण दाबून काढावी. मगच नळी पाण्यात घालून ऑक्सिजन सोडावा, उरलेला दोन तृतीयांश भाग भरेपर्यंत. हवा काढण्याची पायरी गाळली तर पिशवी फुगलेली दिसते, पण आत निम्मी साधी हवा असते. तोंड पिळून, दुमडून दोन रबरांनी बांधावे. पिशवी टणक फुगवू नये, उन्हाने वायू प्रसरण पावतो आणि विमानात बाहेरचा दाब कमी होतो. शेवटी पिशवी उभी न ठेवता खोक्यात आडवी ठेवावी. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि ऑक्सिजन पाण्यात सहज उतरतो.

इशारा: ऑक्सिजनच्या सिलिंडरचा झडप-भाग किंवा रेग्युलेटर यांना तेल अथवा ग्रीस लावू नये आणि तेलकट हाताने त्यांना स्पर्श करू नये. सिलिंडर उभा बांधलेला असावा आणि पॅकिंगच्या जागी विडी-सिगारेट नको.

तपासणी: बांधलेली पिशवी उलटी करून अर्धा मिनिट धरावी. एक थेंबही गळला तर पिशवी बदलावी. खोक्यावर जातीचे नाव, संख्या, भरल्याची वेळ आणि घेणाऱ्याचा फोन क्रमांक लिहावा.

६. रस्त्यात

पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढले की माशाची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. त्यामुळे प्रवास रात्रीचा ठरवावा आणि खोके थर्माकोलचे घ्यावेत. उन्हाळ्यात बर्फाच्या बंद पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशव्यांच्या शेजारी ठेवाव्यात. पाण्यात बर्फ टाकू नये आणि अति थंडही करू नये, विशेषतः पंगसला थंडी सोसत नाही. पंचवीस अंशांच्या आसपास ठेवले की पुरे.

वाटेत ढाब्यावर पिशवी उघडून ‘ताजे पाणी’ घालणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे आणि तो बरोबर नाही, याचे कारण नीट समजून घ्यावे. बंद पिशवीत माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्ल बनते. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणजे मदत म्हणून उघडलेली पिशवी काही मिनिटांत माशांवर उलटते. मासे पृष्ठभागावर तोंड वासून धापा टाकत असतील तरच पिशवी उघडावी. त्या वेळी फक्त ऑक्सिजन बदलू नये, तर सोबत आणलेल्या, हवा सोडलेल्या आणि त्याच तापमानाच्या पाण्यात पुन्हा पॅकिंग करावे. वाटेतल्या नदी-कालव्याचे पाणी कधीही घेऊ नये.

सोबत चार रिकाम्या पिशव्या, रबरे, एक झाकणाचा टब, बॅटरीवर चालणारा हवापंप आणि २० लिटर स्वच्छ पाणी असू द्यावे. पिशवी फुटली किंवा गाडी उलटली तर मासे टबात घ्यावेत. ‘मरण्यापेक्षा जगू दे’ म्हणून ते पुलावरून पाण्यात सोडणे म्हणजे बीज आणताना घेतलेली सगळी काळजी एका क्षणात धुऊन टाकणे होय.

खाण्यायोग्य मोठे मासे टाकीत जिवंत नेऊन विकण्याचा मोहही होतो. माझे मत विचाराल तर ते टाळावे. तळ्यावरच मासा काढून बर्फात घातला, तर वजन मिळते, परवानगीचा प्रश्न उरत नाही आणि रस्त्यात पाणी सांडत नाही. जिवंत न्यायचेच असेल तर टाकीला घट्ट झाकण, नळाच्या तोंडाला जाळी आणि पूर्ण वेळ ऑक्सिजन हवा, आणि टाकी वाटेत कुठेही रिकामी करायची नाही.

७. उतरवणे

बंद पिशव्या टाकीच्या पाण्यावर सावलीत १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवाव्यात. दोन्ही पाण्यांत दोन-तीन अंशांहून अधिक फरक उरता कामा नये. तो उरला असेल तर आणखी दहा मिनिटे थांबावे, पण पिशवी बंदच ठेवून.

त्यानंतर मात्र वेग हवा. पिशवी उघडली की वर सांगितलेला अमोनियाचा खेळ सुरू होतो, म्हणून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसणे लांबच्या प्रवासानंतर घातक ठरते. दोन-तीन तांबे टाकीचे पाणी घालावे, पाच मिनिटे थांबावे आणि मासे बाहेर काढावेत. रिकाम्या टबावर बारीक जाळी धरून तिच्यात पिशवी ओतावी. मासे जाळीत राहतात, पाणी टबात जाते. जाळीतले मासे ताबडतोब विलगीकरणाच्या टाकीत सोडावेत. पिशवी तळ्याच्या कडेला तिरकी करून मासे आपोआप बाहेर पडू देण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी शिकवली जाते. तीत माशाला त्रास कमी होतो हे खरे, पण पिशवीतले सगळे पाणी तळ्यात जाते, आणि परदेशी जातीच्या बाबतीत ते परवडत नाही.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये.

८. पाणी, पिशव्या आणि मेलेले मासे

टबात जमलेल्या पाण्यात दर १० लिटरला साधारण ७ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालून ढवळावे आणि किमान तासभर ठेवावे. ताज्या पावडरीत सुमारे ३० टक्के क्लोरीन असते असे धरून हे प्रमाण सांगितले आहे. वर्षभर उघडी पडलेली पावडर या कामाची नाही आणि पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते. नंतर हे पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवून विहीर, ओढा आणि तळे यांपासून दूर कोरड्या जमिनीवर ओतावे. जाळ्या, टब आणि मोजमापे याच द्रावणात बुडवून, धुऊन उन्हात वाळवावीत. पिशव्या पुन्हा वापरू नयेत. मेलेले मासे मोजून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. ते कोंबड्यांना किंवा कुत्र्यांना घालू नयेत.

९. वेगळे ठेवणे आणि नोंद

विलगीकरण किमान तीन आठवडे असावे. टिलापिया लेक व्हायरसचा विचार करता चिलापीला पूर्ण महिना ठेवणे शहाणपणाचे. रोज मेलेल्यांची संख्या, पाण्याचे तापमान आणि खाद्य वहीत लिहावे. पहिल्या तीन दिवसांतली मर बहुधा प्रवासाच्या ताणाची असते. दहाव्या दिवसानंतर मर पुन्हा वाढू लागली, तर ती रोगाची समजून मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे आणि टाकीचे पाणी बाहेर सोडणे थांबवावे. वहीच्या पहिल्या पानावर बिलाची प्रत चिकटवावी.

मत्स्यालयाचे मासे नेणाऱ्यांसाठी

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरमधून मासे आणणाऱ्यांना वरचे पाचवे ते आठवे टप्पे जसेच्या तसे लागू आहेत. घरात सोडियम थायोसल्फेट आणि ब्लीचिंग पावडर या दोन बाटल्या वेगळ्या, नावे लिहून ठेवाव्यात एवढीच भर.

जातीच्या निवडीत मात्र अधिक सावध राहावे लागते. तीन इंचांचा शेवाळ खाणारा सकर म्हणून विकत घेतलेला मासा टाकीत मावेनासा होतो आणि मग कोणीतरी तो नदीत सोडतो. असेच टेरिगोप्लिक्थिस जातीचे सकर आज उजनीत आणि देशातल्या अनेक नद्यांत आहेत. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला होता. आशियाई अरोवाना तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीमुळे आणि २०२४ च्या नियमांमुळे चौथ्या अनुसूचीतले (म्हणजे साइट्स करारात असलेल्या जातींचे) जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे, तसेच त्यांचे हस्तांतरण, जन्म व मृत्यू कळवणे बंधनकारक आहे. असा मासा घर बदलताना दुसऱ्या शहरात न्यायचा असेल, तर नोंदणीची प्रत माशाबरोबर असावी.

डास आटोक्यात ठेवण्यासाठी वाटला जाणारा गप्पीही मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. आरोग्य विभागाने दिलेले गप्पी बंद हौदात किंवा टाकीत ठीक आहेत. ते बाटलीत भरून गावच्या ओढ्यात सोडू नयेत.

नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, आणि देताना जातीचे पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. घेणारा कोणीच मिळाला नाही तर लवंगतेलाने बेशुद्ध करून त्याचा शेवट करावा आणि तो पुरून टाकावा. टाकी रिकामी करतानाचे पाणी झाडांच्या आळ्यात ओतावे. त्यातली पाणवनस्पती मात्र आधी उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावी, कारण ओला तुकडा गटारातूनही पुढे रुजतो.